सहाव्या दिवसाचा शिधा



बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकात एक गोष्ट आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक रानात आले आणि महिन्याभरातच कुरकुरू लागले. तिथे निदान पोटभर मिळत तरी होतं! मग रोज सकाळी दव उडालं की जमिनीवर धण्यासारखे पांढरे दाणे दिसू लागले. चव मध घातलेल्या पोळीची. हाच मान्ना. माणशी एक माप वेचायचा, उद्यासाठी ठेवायचा नाही; उद्याचं उद्या मिळेल असा विश्वास ठेवायचा. ज्यांनी ठेवला, त्यांच्या मान्नात सकाळी किडे पडले.

या रोजच्या भाकरीचा विचार आपल्याकडेही झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम उभं करणारे जे. सी. कुमारप्पा स्वतः ख्रिस्ती होते. रोजची भाकर हा त्यांच्या लेखी प्रार्थनेचा विषय होता, तसाच अर्थशास्त्राचाही. पुढे १९५० साली पवनारच्या परंधाम आश्रमात विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाचा आधार सोडायचा, लागेल ते अंगमेहनतीने पिकवायचं. बैलसुद्धा न जुंपता धाम नदीकाठी कुदळीने शेती केली. विश्वास म्हणजे हात जोडून बसणं नव्हे, हे तिथे दिसतं. मान्नासुद्धा सकाळी उठून वेचावाच लागे. ऊन तापलं की तो विरघळून जाई.

पण मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो सहावा दिवस. त्या दिवशी दुप्पट मिळे आणि ते नासत नसे. म्हणून सातव्या दिवशी रानात काही नसलं तरी कुणी उपाशी राहत नसे. आधी शिधा, मग विश्रांती. याच पुस्तकात पुढे ही सुटी दासाला, परक्याला आणि बैलालाही दिली आहे.

आपण पोळ्याला बैलाचा खांदा शेकतो, त्याला जुंपत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईचं काय? कमरेला ओटी बांधून, बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं ओरबाडून घेत ती दिवसभर वाकलेली असते. मजुरी किलोवर. घरी राहिली, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. तिला ‘जरा आराम कर’ म्हणून काय उपयोग? सहा दिवसांच्या वेचणीत तिचं सातव्या दिवसाचं तेल-मीठ निघालं पाहिजे, आणि तेवढं देणं शेतकऱ्याला झेपेल असा भाव कापसालाही मिळाला पाहिजे.

यंदा सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून वेचणी सुरू होईल, तेव्हा दर ठरवताना तो सातवा दिवस हिशेबात धरावा, ही माझी विनंती.