समुद्रकांठची द्राक्षवेल

डहाणू, घोलवड, बोर्डी या बाजूस ज्यांचीं घरें आहेत, त्यांच्या परसांत चिकूची सावली, विहीर आणि दोनचार ताडमाड हीं ठरलेलींच. अशा परसांत हौसेनें लावलेली द्राक्षाची वेल मात्र बहुधा एक कोडें होऊन बसते. ती मांडवावर झरझर चढते, हिरवीगार पानें धरते, पाहुण्यांकडून वाहवा मिळविते. आणि तीनचार वर्षें लोटलीं तरी तिला घड म्हणून येत नाहीं. आलाच तर पोराच्या मुठींत मावेल एवढा, आंबट, आणि तोही अर्ध्यावर कुजलेला. मालक खताला दोष देतो, मालकीण रोपवाल्याला. खरा दोष बहुतेक वेळां पंचांगाचा असतो. वेलीचें पंचांग निराळें आहे, हें घरांत कोणास ठाऊक नसतें.

युरोपांत द्राक्षवेल हिवाळ्यांत पानें टाकून झोपी जाते व वसंतांत जागी होते. डहाणूच्या हवेंत तिला झोपवील अशी थंडीच पडत नाहीं. म्हणून तिला निजविण्याचें व उठविण्याचें काम माणसास कात्रीनें करावें लागतें. नाशिककडे निफाड, पिंपळगांव, ओझर या भागांतले बागाईतदार वर्षांतून दोनदां वेल छाटतात: एप्रिलांत खरड छाटणी आणि ऑक्टोबरांत फळछाटणी. पहिल्या छाटणीनंतर फळ मिळत नाहीं, मिळते ती नुसती काडी. परंतु पुढचा घड याच काडीच्या डोळ्यांत, छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत, सूक्ष्म रूपानें ठरून जातो. त्या दिवसांत ऊन भरपूर मिळालें तर घड धरतो. आभाळ भरून राहिलें तर त्याच जागीं घडाऐवजीं नुसती बाळी निघते.

समुद्रकांठच्या वेलीचें कोडें येथेंच उकलतें. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून या किनाऱ्यावर ढग ठाण मांडतात. छाटणी मे महिन्यावर ढकलली, कीं डोळा घडण्याचे नेमके दिवस अंधारांत जातात. छाटणी मुळींच केली नाहीं, तर जुन्या काडीवर पानांचेंच रान माजतें. तेव्हां येथें कात्री मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभींच चालली पाहिजे. ऐन उन्हाळ्यांत हिरवी वेल बोडकी करणें जिवावर येतें खरें, पण ही दया वेलीस महाग पडते. चिकूच्या छायेंत लावलेल्या वेलीची गोष्ट तर बोलावयासच नको. तिला बारमास आभाळच असतें.

दुसरी छाटणी पाऊस पुरता निघून गेल्यावर. तलासरीकडे, डोंगराच्या बाजूस, रात्री किनाऱ्याहून थंड व दुपारची हवा कोरडी असते. तेथील वेलीस हा हंगाम अधिक मानवतो. नाशिककडे या वेळीं डोळे एकदम फुटावे म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. घरगुती मांडवास तें विष नको. शिवाय तें हाताळणाऱ्यानें मद्याचा घोंट घेतला तर अंगावर उलटतें. द्राक्षाच्या बागेंत हा न्याय मोठा चमत्कारिक म्हणावयाचा!

रोगांत पहिला मान केवड्याचा. पानावर तेलकट पिवळे डाग आणि खालच्या अंगास पांढरी लव दिसली, कीं केवडा ओळखावा. पाऊस व दंव हें त्याचें अन्न. १८७८ च्या सुमारास हा रोग अमेरिकेंतून फ्रान्समध्यें शिरला आणि तेथील मळ्यांस जीव नकोसा झाला. १८८२ सालीं बोर्डो येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे मेदोक भागांतून जात असतां त्यांस दिसलें, कीं रस्त्याकडेच्या वेलींचीं पानें तेवढीं शाबूत आहेत. वाटसरूंनीं घड चोरूं नयेत म्हणून मळेवाल्यांनीं त्यांवर मोरचूद व चुन्याचें निळें पाणी शिंपडलें होतें. चोरांसाठीं केलेल्या युक्तीनें रोगच पळाला. १८८५ सालीं मिलार्दे यांनीं तो उपाय प्रसिद्ध केला.

तेंच बोर्डो मिश्रण आजही घरीं करतां येतें. मोरचूद १० ग्रॅम व कळीचा चुना १० ग्रॅम, हे अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यांत निरनिराळे कालवून मग एकत्र ओतावे. भांडें मातीचें किंवा प्लास्टिकचें घ्यावें. स्वच्छ लोखंडी सुरी त्यांत बुडवून तांबूस थर बसला तर चुना कमी पडला असें समजावें. मिश्रण त्याच दिवशीं वापरावें, आणि तें पक्क्या पानांवर व काडीवर मारावें. कोवळी फूट व फुलोरा त्यानें भाजतो. राखेसारखी भुरी दिसली तर पाण्यांत मिसळणारें गंधक, लिटरास २ ग्रॅम, सकाळच्या गारव्यांत. पानांच्या कडा जळूं लागल्या तर मात्र फवारा बाजूस ठेवून विहिरीचें पाणी चाखावें. समुद्राजवळ तें मचूळ असण्याचा संभव असतो, आणि अशा जागीं डॉगरिज खुंटावरील कलम बरें टिकतें.

आतां मद्याची हौस. नाशिकजवळ शिराझ, शेनिन ब्लां या जाती त्यासाठीं लावतात. दमट परसांत त्यांचे लाड पुरवणें अवघड. बंगलोर ब्ल्यू ही काळी, जाड सालीची जात रोगास अधिक चिवट असून तिचा रस चांगला होतो. रसापुढें जावयाचें, तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें परवान्यावांचून मद्य करणें गुन्हा आहे, मग तें स्वतःच्या मांडवाचें कां असेना. डहाणू तालुक्यांतच बोर्डीस चिकूपासून वाइन करणारा कारखाना निघाला, तो रीतसर परवान्यानें.

फेब्रुवारींत घड रंग धरूं लागले, कीं चिकूवर येणारीं वटवाघुळें रात्रीं मांडवाकडेही वळतात. त्याआधीं एकेका घडास कापडी पिशवी बांधून टाकावी.