पाहणे आपले, नोंद कुणाची?

(अंजनगाव सुर्जी येथे महिला मंडळे व बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी तुम्हाला एका पक्ष्याची गोष्ट सांगणार आहे. मारहाण, मजुरी, रेशन असे प्रश्न समोर असताना ही बाई पक्षी कुठे घेऊन बसली, असे कुणाच्या मनात येईल. गोष्ट ऐका, मग ठरवा.

पक्ष्याचे नाव रानपिंगळा. वीतभर उंचीचे घुबड. आपल्या उत्तरेला जे मेळघाटचे डोंगर दिसतात, तिथे तो आजही राहतो. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या साहेबाने आजच्या छत्तीसगडमध्ये त्याचा पहिला नमुना मिळवला आणि १८७३ मध्ये अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. १८८४ मध्ये डेव्हिडसन यांना खानदेशात तो मिळाला. त्यानंतर ११३ वर्षे एकही खात्रीची नोंद नाही. पक्षी बहुधा नामशेष झाला, असेच अभ्यासक मानू लागले.

मधल्या काळात एक नोंद होती, पण ती खोटी. माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत हा पक्षी मिळाल्याचे दाखवले होते. खरे तर त्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवर विश्वासून लोक भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी जुने नमुने बारकाईने तपासले आणि ही लबाडी उघडी पाडली. मग जिथल्या नोंदी खऱ्या होत्या तिथे त्या आपल्या सहकाऱ्यांसह गेल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. पुढे मेळघाटातही सापडला. फराह इश्तियाक, प्राची मेहता अशा संशोधक बायांनी रानावनात हिंडून त्याचा अभ्यास केला. तो सरडे, उंदीर, किडे खातो. विरळ सागवानी जंगलात राहतो आणि झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. ज्या जुन्या पोकळ झाडाला आपण टाकाऊ म्हणतो, ते त्याचे घर आहे.

आता विचार करा. हा पक्षी इतर घुबडांसारखा रात्रीच बाहेर पडणारा नाही. तो दिवसाढवळ्या शिकार करतो, शेंड्यावरच्या उघड्या फांदीवर बसतो. या ११३ वर्षांत त्या झाडांखालून मोहफुले वेचणाऱ्या, सरपण आणणाऱ्या किती बाया गेल्या असतील! मग तो हरवला होता तो नेमका कुणाला? त्या बायांना कुणी विचारले नाही, आणि त्यांच्या हाती लेखणी नव्हती. शिवाय घुबड म्हणजे अपशकुन! विधवा समोर आली तरी अपशकुनच. ज्याला अशुभ ठरवले, त्याच्याकडे नीट पाहायचेच नाही, ही रीत आपल्याला चांगली ओळखीची आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. या समितीने लोकांना विचारून गावातली झाडे, पिके, जनावरे, पक्षी, औषधी वनस्पती यांची नोंदवही करायची आहे. २००४ च्या नियमांनी समितीत निदान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे सांगितले. प्रत्यक्षात बरीच वर्षे काम रखडले. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. मग देशभर वह्या भरण्याची एकच धावपळ उडाली.

अशी एक वही मी एका गावात पाहिली. वड, कडुनिंब, बाभूळ सगळे होते. रानभाज्यांचे पान कोरे होते. निंदणाला निघालेल्या बायांना मी विचारले, तेव्हा त्यांनी बांधावर उभ्या उभ्या तरोटा, घोळ, चिवळ, केना, काटेमाठ अशी चौदा नावे सांगितली. त्यातल्या पाच भाज्या आता शिवारात दिसत नाहीत, हेही सांगितले. मी म्हटले, हे वहीत का नाही? एक म्हातारी म्हणाली, "आमाले कोन इचारते वं बाई?"

त्या पाच भाज्या का गेल्या? बाया म्हणाल्या, तणनाशकाने. फवारणी झाली की तणाबरोबर भाजीही जळते, आणि निंदणाचे कामही जाते. म्हणजे एका फवाऱ्यात बाईचे फुकटचे कालवण गेले आणि मजुरीही गेली. पण वहीत भाजीचे नावच नव्हते. मग कागदावर काहीच हरवले नाही!

बाई ही जन्मतःच निसर्गाच्या जवळ असते, असे मी म्हणत नाही. सरपण, पाणी, भाजी ही कामे आपल्या डोक्यावर टाकली गेली, म्हणून आपल्याला हे कळते. पानपिंपरीच्या मळ्यात राबणाऱ्या बाईला वेल कधी सुकतो, किडा कधी पडतो, ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. हे ज्ञान कष्टातून आले आहे, त्याचे मोल मागितलेच पाहिजे.

म्हणून तीन कामे करू या. एक, ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन ही वही दाखवा म्हणायचे. एकटीने नको, पाच-दहा जणींनी जायचे. दोन, समितीत कोणत्या बायांची नावे आहेत ते विचारायचे, आणि त्या बायांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक तरी आहे का, तेही पाहायचे. तीन, प्रत्येक गटाने एक साधी वही घालायची. कोणती भाजी, कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, कुठे दिसला आणि कोणी पाहिला. लिहिता न येणारीने सांगावे, शाळकरी मुलीने लिहावे. नाव मात्र सांगणारीचे. औषधाचे कोणते ज्ञान वहीत द्यायचे आणि कोणते आपल्यापाशी ठेवायचे, हेही आपणच ठरवायचे. आणि जे पाहिले तेच लिहायचे. एका खोट्या चिठ्ठीने शोध किती वर्षे भरकटला, ते आपण ऐकलेच आहे.

पुढच्या मेळाव्याला येताना वह्या घेऊन या. त्या म्हातारीने सांगितलेली चौदा नावे मी माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिली आहेत. पंधरावे नाव तुमच्यापैकी कुणी सांगावे, याची मी वाट पाहते आहे.