घरातले बिनतारी जाळे



नाशिकच्या इंदिरानगरातला महामार्गाखालचा बोगदा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना आजचा विषय चटकन कळेल. वर महामार्गावरची वाहने सुसाट जातात. खाली बोगद्याच्या तोंडाशी मात्र रिक्षा, दुचाकी, शाळेच्या गाड्या यांची कोंडी वर्षानुवर्षे होत आली आहे. घरच्या वायफायचेही तसेच असते. काचेच्या तंतूतून संदेश दारापर्यंत झरझर येतो. तो अडतो पुढे, राउटरच्या पेटीपासून मुलांच्या खोलीपर्यंतच्या वाटेत.

मग काय होते? मुलीचा परीक्षेचा अर्ज अर्ध्यावर अडकतो, गुरुजींचा पाठ पडद्यावर मध्येच गोठतो. आपण म्हणतो, ‘लाइनच खराब!’ आणि जास्त पैशांची योजना घेतो. पैसे जातात, कोंडी तशीच राहते. म्हणून पैसे मोजण्याआधी दोष कुठे आहे ते पाहावे.

त्याची परीक्षा सोपी आहे. पेटीजवळ उभे राहून नेटचा वेग मोजा, मग आतल्या खोलीत जाऊन मोजा. संगणक तारेने पेटीला जोडता आला तर अधिकच चांगले. पेटीपाशी वेग चांगला आणि खोलीत कमी, तर दोष घरातला. पेटीपाशीही वेग कमीच, तर चार-पाच दिवस वार आणि वेळ लिहून ठेवा व ती नोंद दाखवून तक्रार करा.

घरात अडते ते का? एफ.एम. रेडिओची लहर सुमारे तीन मीटर लांब असते. वायफायची एक लहर साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे अर्ध्या वितीएवढी. दुसरी पाच-सहा सेंटिमीटरची. पहिलीला २.४ आणि दुसरीला ५ गिगाहर्ट्झ म्हणतात. पहिली भिंतीतून बरी जाते; दुसरी वेगवान, पण भिंतीशी लवकर थकते. सिमेंट-सळईचा स्लॅब, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांपुढे दोघींचेही बळ कमी पडते. पेटीची शक्ती ती केवढी? वॅटभरसुद्धा नसते.

दुसरे कारण शेजार. २.४चा पट्टा भारत सरकारने २००५ साली परवानामुक्त केला. तो गावच्या गायरानासारखा सर्वांचा आहे. इमारतीत जितकी बिऱ्हाडे, तितक्या पेट्या. शिक्षकांना ठाऊक आहे, वर्गात एका वेळी एकानेच बोलावे लागते. या पेट्याही आधी कानोसा घेतात आणि दुसरी बोलत असली तर थांबतात. शिवाय लांबच्या खोलीतला फोन सावकाश बोलतो, त्यामुळे घरातल्या बाकीच्यांनाही खोळंबावे लागते.

आता उपाय. पेटी दाराजवळच्या कोपऱ्यात, टी.व्ही.च्या मागे किंवा कपाटात कोंडू नका. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. त्यासाठी दहा-पंधरा हात तार वाढवावी लागली तरी वाढवा. जवळच्या खोलीत ५चा पट्टा वापरा, लांबच्या खोलीत २.४चा. २.४च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. त्यांतली कमी गर्दीची निवडा. टी.व्ही., संगणक अशा जागच्या जागी राहणाऱ्या वस्तूंना तारच जोडा, म्हणजे हवेतली जागा फोनला मोकळी राहील.

लहर पुढे पोचवणारे रिपीटर नावाचे यंत्र मिळते. ते जिथे रेंज संपते तिथे लावून उपयोग नाही. अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे, तिथे लावावे. साधे रिपीटर प्रत्येक संदेश ऐकून पुन्हा सांगते, त्यामुळे वेग निम्म्यावर येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे. खेड्यापाड्यांत वीज गेली की पेटीच बंद पडते. तिथे पेटीपुरती लहान बॅटरी मोठ्या योजनेपेक्षा जास्त कामाची.

शिक्षकांनी हा प्रयोग शाळेतच करून पाहावा. मुलांना वेगवेगळ्या खोल्यांतला वेग मोजून फळ्यावर लिहायला सांगावे. विज्ञानाचा एक तास होईल, आणि शाळेची पेटी कुठे ठेवावी तेही मुलेच सांगतील.