रंग चढवणं आणि रंग उतरवणं

(मंडळाच्या साहित्यसंध्येत केलेल्या भाषणाचं लेखी रूप. बोलताना राहून गेलेले एक-दोन तपशील इथे घातले आहेत.)



कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, "आवडते दिवंगत नट आणि तंत्र." पलीकडून लगेच विचारणा झाली, "तंत्र म्हणजे टेक्नॉलॉजीच ना? मग चालेल." त्यांचंही बरोबर आहे. मी कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्यासाठी या क्लायंटकडून त्या क्लायंटकडे बॅग घेऊन हिंडणारा कन्सल्टंट. आणि आपल्या भाषेत पॉलिटेक्निकला तंत्रनिकेतन म्हणतात! तोच शब्द जरा वेगळ्या आवाजात उच्चारला की मात्र कवटी, लिंबू आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बंगाली बाबांच्या जाहिराती डोळ्यांसमोर येतात. इथे अमेरिकेत पुस्तकांच्या दुकानात हा शब्द शोधलात तर तो बहुधा जोडप्यांच्या विभागात सापडेल. मुलांना बरोबर नेऊ नका.

मी तांत्रिक नाही, दीक्षा वगैरे काही घेतलेली नाही. गेली सात-आठ वर्षं हॉटेलच्या खोल्यांमधून संध्याकाळी वाचत बसतो, एवढंच. पण एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे खुर्च्या सरकवून कुणी दूर बसणार नाही. आपण सगळे थोडे थोडे तांत्रिक आहोतच. दर गणपतीत आपली मुलं अथर्वशीर्ष म्हणतात ना? त्यात गणपतीचा बीजमंत्र कुठल्या अक्षरांनी बनतो हे फोड करून सांगितलंय आणि गणपती मूलाधारात राहतो असंही सांगितलंय. बीजमंत्र आणि मूलाधार, दोन्ही थेट तंत्रातलं. नवरात्रात सप्तशतीचा पाठ करणारे गुरुजी सुरुवातीला काय करतात ते आठवा. छातीला हात, मग डोक्याला, शेंडीच्या जागी, मग दोन्ही हात आडवे करून खांद्यांना, डोळ्यांना, शेवटी एक टाळी. हा न्यास. मी लहानपणी समजायचो की गुरुजींना डास चावतायत.

न्यासामागची कल्पना अशी, की देवीची पूजा करायची तर आधी आपल्या एकेका अवयवावर तिला बसवायचं. माणूस म्हणून देवापुढे जायचं नाही, काही वेळापुरतं देव होऊन जायचं. आणि पूजा संपली की विसर्जन. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे पटकन कळेल. सुपरयूजर म्हणून लॉगिन करायचं, काम करायचं आणि लॉगआऊट व्हायचं. लॉगआऊट न होता रात्रभर तसाच बसलेला माणूस काय करू शकतो ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे.

आता हे वाचताना मला सारखे नट का आठवायला लागले, ते सांगतो.

काश्मीरमध्ये दहाव्या-अकराव्या शतकात अभिनवगुप्त नावाचा आचार्य होऊन गेला. 'तंत्रालोक' हा शैव तंत्राचा प्रचंड ग्रंथ त्याचा, सदतीस आह्निकांचा. आणि भरताच्या नाट्यशास्त्रावरची 'अभिनवभारती' ही टीकाही त्याचीच. एकच माणूस दिवसा नाटकावर आणि रात्री तंत्रावर लिहितोय असं नाही हं, त्याच्या दृष्टीने हे एकच घर होतं, दारं दोन. त्याच्या आधीच्या शिवसूत्रांत लागोपाठ तीन सूत्रांतून सांगितलंय की आत्मा हा नट आहे, अंतरंग हा रंगमंच आहे आणि इंद्रियं हे प्रेक्षक आहेत. म्हणजे शिव स्वतःचं खरं रूप आत झाकून आपल्या सगळ्यांच्या भूमिका वठवतोय. मोक्ष म्हणजे काय, तर नटाला आपण नट आहोत याची ओळख पटणं. काश्मिरी शैव त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात.

हे फार दूरचं वाटत असेल तर दोन धागे आपल्या घरात येतात. अभिनवगुप्त तंत्रालोकाच्या आरंभी ज्या मच्छंदाला वंदन करतो, तो म्हणजे आपले मत्स्येंद्रनाथ असं अभ्यासक मानतात. आणि मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही परंपरा आपल्याला पाठच आहे. ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'त शिवसूत्राचा नावानिशी उल्लेख आहे. दुसरा धागा बडोद्याचा. अभिनवभारतीची मल्याळम लिपीतली हस्तलिखितं दक्षिणेत मिळाली आणि तिचा पहिला खंड १९२६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला, सयाजीरावांच्या काळात. मराठी राजाच्या पैशाने काश्मिरी तांत्रिकाचं नाटकावरचं पुस्तक छापलं गेलं, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

तर या अभिनवभारतीत एक प्रश्न आहे. रस असतो कुठे? नटात का? अभिनवगुप्त म्हणतो, नाही. नट हे पात्र आहे. भांड्यातल्या मद्याची चव भांड्याला लागत नाही, पण भांड्यावाचून ती पिणाऱ्यापर्यंत पोचतही नाही. मराठीत आपण भांड्यालाही पात्र म्हणतो आणि नाटकातल्या माणसालाही, रोज म्हणतो आणि कधी थांबून विचार करत नाही.

आणि आता डॉक्टर श्रीराम लागू. कान-नाक-घशाचे सर्जन, १९७० साली आलेल्या शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चे पहिले गणपतराव बेलवलकर, १७ डिसेंबर २०१९ ला गेले. माझ्या पिढीने त्यांना रंगमंचावर पाहिलं नाही. आम्ही त्यांना रविवारी दुपारी दूरदर्शनवर पाहिलं. लागू कडकडीत नास्तिक. परमेश्वर या कल्पनेला आता निवृत्त करा असं जाहीरपणे मांडणारे. नरेंद्र दाभोलकरांबरोबर गावोगावी त्यांचे वाद-संवादाचे कार्यक्रम व्हायचे. लागू म्हणायचे देव नाहीच, आणि दाभोलकर जरा सबुरीने घ्यायचे. अशा माणसाने आपल्या आत्मकथनाला नाव काय दिलं? 'लमाण'. बैलांच्या पाठीवर माल लादून या गावचा त्या गावी नेणारा. माल दुसऱ्याचा, वाहणारा आपण.

हजार वर्षांच्या अंतराने एक कौल तांत्रिक म्हणतो भांडं, आणि एक नास्तिक सर्जन म्हणतो लमाण. दोघं समोरासमोर बसले असते तर देवावरून पहिल्या पाच मिनिटांत भांडले असते. पण नटाबद्दल त्यांचं एकमत झालं असतं. (लमाण्याची पाठ मात्र दुखते, भांड्याची दुखत नाही. इथे मी लागूंच्या बाजूने आहे.)

व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) पाहा. गावाने देवासारखा पुजलेला मास्तर तमाशाच्या फडात जाऊन पडतो. गाव समजतं मास्तरांचा खून झाला, त्यांचा पुतळा उभारतं. शेवटी हा माणूस स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून फासावर जातो, पण पुतळ्याला धक्का लागू देत नाही. मला लहानपणी हा शेवट उदात्त वाटायचा. आता भीती वाटते. भूमिका वाचवण्यासाठी माणूस मेला!

त्याच 'पिंजरा'त निळू फुलेही आहेत. आता त्यांच्याबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझा खरा जीव तिथे आहे. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला हा माणूस. पडद्यावर आला की बाया पदर सावरून बसायच्या. जब्बार पटेलांच्या 'सामना'त त्यांचा साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील आणि लागूंचा दारुडा मास्तर समोरासमोर आहेत. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं, या एका प्रश्नावर अख्खा सिनेमा उभा आहे. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. त्यातले फुले नुसते बसलेले पाहा. आवाज चढवत नाहीत, हातवारे नाहीत. सत्ता अंगात मुरलेला माणूस कसा बसतो, तसे बसतात. आणि शूटिंग संपलं की? रंग पुसून हेच फुले सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर खपायचे, आंदोलनांत रस्त्यावर असायचे, अंधश्रद्धेविरुद्ध गावागावांत बोलायचे. १३ जुलै २००९ ला ते गेले, तेव्हा लोक ज्याच्यासाठी रडले तो खलनायक नव्हताच.

माझं म्हणणं असं आहे, की न्यास आणि विसर्जन या दोन्ही गोष्टी नीट येणारी माणसं मला देवघरापेक्षा रंगपटात जास्त दिसली. बुवा-बाबा न्यास शिकतात. भस्म, माळा, आवाज, नजर, सगळं चढवतात. विसर्जनाचं नाव काढत नाहीत. तो रंगच त्यांचा धंदा असतो.

कधी कधी रंग दुसरेच लावतात. सत्यजित राय यांचा 'देवी' (१९६०) हा बंगाली सिनेमा काली-उपासक जमीनदाराच्या घरातला आहे. सासऱ्याला स्वप्न पडतं की आपली धाकटी सून म्हणजे साक्षात कालीमाता. तो सासरा छबी विश्वास यांनी केलाय. दोनच वर्षांनी, १९६२ मध्ये, ते अपघातात गेले. त्यांनी त्या म्हाताऱ्याला दुष्ट केलेलं नाही. सुनेच्या पायावर डोकं ठेवताना त्याचा चेहरा इतका खरा, इतका सुखी आहे की तुम्हाला त्याचा रागही नीट करता येत नाही. सोळा-सतरा वर्षांची ती पोर मखरात बसते आणि तिला कुणी उतरूच देत नाही. घरातलं लहान मूल आजारी पडतं, तर त्यालाही डॉक्टरच्या हाती न देता तिच्या मांडीवर ठेवतात. ते जातं.

हा सिनेमा मी एकदाच पाहिला आहे. माझे धाकटे काका २००४ साली गेले, मी दहावीत होतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. काकांच्या किडन्यांचं दुखणं होतं, पुण्याला न्यायचं ठरलं होतं. तेवढ्यात तालुक्याच्या गावचा एक मांत्रिक घरात शिरला. कुणीतरी केलंय म्हणाला. आठ महिने भस्म, दोरे, अमावास्येची पूजा. काकूच्या पाटल्या गेल्या. पुण्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त तारखा विचारल्या आणि गप्प बसले.

मागच्या वर्षी आईबरोबर काकू आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. पाहुण्यांच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत. पहिल्याच संध्याकाळी तिने पाठीवरचं नाव वाचलं, 'तंत्रालोक', आणि आपली बॅग उचलून हॉलमध्ये आणून ठेवली. "मी इथंच सोफ्यावर झोपीन," म्हणाली. मी तिला अभिनवगुप्त समजावून सांगायला गेलो नाही. तिच्याशी मी काय वाद घालणार? पुस्तकं बेसमेंटमध्ये नेऊन ठेवली, मग ती खोलीत गेली.

एका दुपारी आम्ही दोघांनी 'सामना' पाहिला. तरुणपणी तिला निळू फुल्यांचा भयंकर तिटकारा होता. सिनेमा संपल्यावर मी तिला त्यांच्याबद्दल सांगितलं, माळीकाम, सेवा दल, सगळं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, हा निदान सांगत तरी होता की मी सोंग करतोय. आमच्याकडं आलेला सांगत नव्हता."

मी जे बेसमेंटमधल्या पुस्तकांत शोधत होतो ते तिने एका वाक्यात सांगितलं, असं मला वाटलं. अर्थात तिला तसं मी बोललो नाही.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर, त्याच वर्षी, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो २००४ मध्ये असता तर आमच्या घरात काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. काकू पोलिसांत गेली असती असं वाटत नाही. पण कुणीतरी त्या माणसाला दारात अडवलं असतं कदाचित.

मग तू अजून हे वाचतोस कशाला, असं आई मला विचारते. तिला मी एवढंच सांगतो, की त्या मांत्रिकाने हे वाचलं नव्हतं. हे उत्तर अर्धंच आहे हे मलाही कळतं, कारण वाचलेले बुवाही असतात.

डॉक्टर लागू आज या हॉलमध्ये असते तर त्यांनी मला मध्येच थांबवलं असतं असं मला वाटतं. रंग उतरवल्यावर खाली माणूस असतो, इथपर्यंत कबूल. त्या माणसाच्याही खाली आणखी एक शिव कशाला हवा, असं त्यांनी विचारलं असतं. अभिनवगुप्ताचं उत्तर मी तुम्हाला वाचून दाखवू शकतो. पण ते लागूंना पटेल असं मला मांडता येणार नाही, आणि काकूला तर नाहीच नाही. मला स्वतःला ते हॉटेलच्या खोलीत रात्री पटतं, सकाळी क्लायंटकडे गेल्यावर कमी पटतं.

वेळ संपली अशी खूण होतेय. 'सामना'ची जुनी डीव्हीडी माझ्याकडे आहे, ज्यांना हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी सांगा.