डोळ्यांखालच्या पिशवीत काय असतं?

डोळ्यांखालच्या पिशव्या काढून द्या म्हणून येणाऱ्या माणसाला मी आधी मान न हलवता वर छताकडे पाहायला सांगतो. फुगवटा ठसठशीत झाला, तर आत बहुधा चरबी आहे. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी दिसत असेल, तर ते पाणी. मग झोप, मीठ, ॲलर्जी यांची चौकशी करायची आणि थायरॉइड व मूत्रपिंडाची तपासणी. तिथे सुरीचं कामच नाही.

ही चरबी खाण्यापिण्याने चढलेली नसते, काटकुळ्या माणसांनाही ती असते. डोळ्याच्या खोबणीत ती जन्मापासूनच गादीसारखी असते आणि एक पातळ पडदा तिला मागे धरून ठेवतो. वयाबरोबर पडदा सैलावतो, चरबी पुढे येते, त्याच सुमारास गाल खाली उतरतो आणि मधली खाच उघडी पडते. आता यावर कुठलं क्रीम चालणार? पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण क्रीम तिच्यामागच्या चरबीला हात लावू शकत नाही. काकडीच्या चकत्यांनी गार वाटतं, एवढंच.

पूर्वी शल्यविशारद ही चरबी सढळ हाताने काढत. काही वर्षांनी डोळे खोल जात आणि माणूस अधिकच म्हातारा दिसे. आता पुष्कळदा पापणीच्या आतल्या बाजूने छेद घेतात, म्हणजे बाहेर व्रण राहत नाही. थोडी चरबी काढतात किंवा तीच खाचेत सरकवतात. खालच्या पापणीची कातडी कापताना मात्र कंजूषपणाच बरा. जास्त गेली की पापणी खाली ओढली जाते, पांढरं बुबुळाखाली दिसू लागतं, डोळा सतत पाझरतो. म्हणून आधी ती चिमटीत धरून, पुढे ओढून सोडून बघायची. ती चटकन जागेवर आली नाही, तर तिला आधार देण्याची शस्त्रक्रियाही सोबत करावी लागते.

वरच्या पापणीत गुन्हेगार तीन: लोंबणारी कातडी, पापणी उचलणाऱ्या स्नायूची ढिली पडलेली पकड आणि खाली उतरलेली भुवई. भुवई उतरली असताना नुसती कातडी कापली, तर भुवई आणखी खाली येते. भुवई आणि पापणीचे केस यांच्यामध्ये साधारण 20 मिलिमीटर कातडी उरायलाच हवी. नाहीतर झोपेत डोळा उघडा राहतो, बुबुळ कोरडं पडतं. बर्लिनचे शल्यविशारद फॉन ग्रेफे यांनी 1818 साली पापणीच्या या शस्त्रक्रियेला नाव दिलं, ते कर्करोगात पापणी गमावलेल्यांच्या पुनर्रचनेसाठी. डोळा झाकला जावा, ही तिची मूळ काळजी. आम्ही सौंदर्याच्या भरात ती विसरतो.

इंजेक्शनांचं म्हणाल, तर बोटॉक्स आलं नेत्रवैद्यकातूनच. तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांवर ते वापरत. व्हँकूव्हरच्या कॅरुथर्स दांपत्याने सुरकुत्यांवरचा त्याचा उपयोग 1992 साली प्रसिद्ध केला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांना ते चालतं, पिशव्यांना नाही. उलट खालचा स्नायू ढिला पडून फुगवटा वाढू शकतो. खाच भरायला हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर असतं. वरवर टोचलं तर निळसर झाक येते. ते एंझाइमने विरघळवता येतं. पण चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि गेलेली दृष्टी परत येण्याची आशा फार थोडी. असं इंजेक्शन ब्यूटी पार्लरमध्ये घेणाऱ्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

शस्त्रक्रियेचे टाके पाच-सात दिवसांत निघतात, काळंनिळं साधारण दोन आठवडे राहतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता बंद मात्र करू नका. डोळ्यामागे रक्तस्राव होणं क्वचितच घडतं, पण तो नजर नेऊ शकतो. पहिल्या रात्री डोळा ताठरला, ठणकू लागला किंवा अंधुक दिसू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांना झोपेतून उठवा.