कारखान्यातील दिवा आणि बचतीचा वाटा

रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, आणि पेणला गणपतीचे. पहिल्यात पाळ्या रात्रभर चालतात. दुसऱ्यात सण जवळ आला की रात्रीचा दिवस होतो. म्हणून कोणते दिवे लावायचे, हा प्रश्न केवळ खरेदी खात्याचा नाही.

मालकाचा हिशेब प्रथम घेऊ. तो खोटा नाही. ४०० वॅटचा जुना मर्क्युरी दिवा चोकसह सुमारे ४४० वॅट वीज घेतो. त्याजागी १५० वॅटचा एल.ई.डी. बसवला आणि असे १०० दिवे रोज १२ तास, वर्षात ३०० दिवस जळले, तर १,०४,४०० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरल्यास ही रक्कम सव्वाआठ लाखांवर जाते.

वाचलेल्या युनिटला या जिल्ह्यात जुना संदर्भ आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्यांच्या जमिनी बुडाल्या, आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली. वीज कोणाच्या तरी पदरातून येते, हे कुंडलिकेकाठी तरी विसरता कामा नये.

पण बचत दिव्याच्या दर्जात काटछाट करून साधली, तर तिची किंमत कामगार मोजतो. स्वस्त ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही. मात्र त्या उजेडात फिरता दांडा कधी कधी स्थिर भासतो, आणि हात पुढे जातो. जेथे ज्वालाग्राही वाफा असतात तेथे मान्यताप्राप्त फ्लेमप्रूफ दिवाच हवा. तेथे भाव पाहून निवड करणे हा गुन्हाच मानावा. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १७ व्या कलमाने पुरेसा, योग्य आणि न दिपवणारा प्रकाश मागितला होता. तेव्हा दिवे बदलण्यापूर्वी व नंतर कामाच्या जागी लक्समापक लावावा, आणि ते आकडे सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधींसमोर ठेवावेत.

पन्नास हजार तासांच्या आयुष्याची जाहिरातही जपूनच वाचावी. तो आकडा बहुधा प्रकाश सत्तर टक्क्यांवर उतरेपर्यंतचा असतो. कोकणच्या दमट हवेत आणि आम्लाच्या वाफेत ड्रायव्हर त्याआधीच मान टाकू शकतो. (दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचा करार मोठ्या कंपन्यांनी १९२४ मध्ये केला होता, तेव्हा संशयाला इतिहासाचा आधार आहे.) लेखी हमी ड्रायव्हरचीही घ्यावी.

पेणची गोष्ट निराळी. तेथे वॅटपेक्षा रंग महत्त्वाचा. हलका एल.ई.डी. तांबडा रंग मलूल दाखवतो. डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला सी.आर.आय. नव्वदच्या वरचा दिवा हवा. तो महाग पडतो, आणि लहान कारखानदाराला एकट्याने परवडत नाही. परंतु सरकारी घाऊक खरेदीत साध्या एल.ई.डी. बल्बचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ४० रुपयांखाली आला, तो मागणी एकत्र केल्यामुळेच. पेणच्या कारखानदारांनी दिव्यांची खरेदी एकत्र करावी. माघी गणपतीचे काम आटोपल्यावर, हंगाम भरात येण्याआधी, याची बैठक बोलावता येईल.