शपथेने सोडलेले : एका इंग्रजी क्रियापदाची कहाणी



इंग्रजीत ‘ॲब्ज्युअर’ असे एक क्रियापद आहे. रोजच्या बोलण्यात ते ऐकू येत नाही. सिगारेट सोडणारा माणूस ती ‘ॲब्ज्युअर’ केली असे म्हणू लागला, तर ऐकणाऱ्यांस हसू येईल. शब्द न्यायालयातला, धर्मपीठापुढचा, शपथपत्रातला. शेक्सपिअरने मात्र ‘टेम्पेस्ट’ नाटकात प्रॉस्पेरोच्या तोंडी तो घातला आहे आणि तोही अचूक जागी. आयुष्यभर साधलेली जादू तो वृद्ध मांत्रिक टाकून देतो, तेव्हा त्याला साधे ‘सोडणे’ पुरेसे वाटत नाही.

शब्दाची फोड सोपी आहे. लॅटिनमध्ये ‘अब्’ म्हणजे दूर आणि ‘युरारे’ म्हणजे शपथ घेणे. ज्युरी व पर्जुरी हे शब्द त्याच कुळातले. म्हणजे शपथ घेऊन एखादी गोष्ट आपल्यापासून दूर लोटणे, हा मूळ अर्थ. ‘रिनाउन्स’ हे क्रियापद याचा शेजारी खरे, पण त्याच्या पोटात ‘जाहीर करणे’ आहे, शपथ नाही. कोशकार दोन्हींपुढे ‘त्याग करणे’ असे लिहून मोकळे होतात, आणि अनुवादकाची पंचाईत तेथेच सुरू होते.

कारण मराठीला त्यागाचे शब्द कमी नाहीत. आपल्याकडे हक्कावर पाणी सोडतात, वस्तूवर तुळशीपत्र ठेवतात. दानाच्या वेळी हातावरून उदक सोडले, की ती वस्तू आपली राहत नाही. संन्यास घेणारा ‘संन्यस्तं मया’ असे तीनदा उच्चारतो. यांत विधी आहे, साक्षी आहेत, परत न घेण्याचा बोलही आहे. परंतु या सर्व प्रसंगी माणूस आपल्या मालकीचे काही देतो, आणि स्वेच्छेने देतो. ‘ॲब्ज्युअर’मध्ये बहुधा समोर कोणीतरी बसलेला असतो, शब्द त्याने लिहून ठेवलेले असतात आणि शपथ घेणाऱ्याने ते केवळ उच्चारायचे असतात.

मध्ययुगीन इंग्लंडात चर्चच्या आश्रयाला गेलेल्या गुन्हेगारास चाळीस दिवसांचे अभय असे. त्या मुदतीत कॉरोनरपुढे गुन्हा कबूल करून देश सोडण्याची शपथ घेतली, तर जीव वाचे. मग हाती क्रूस घेऊन नेमून दिलेल्या बंदराची वाट धरायची. मालमत्ता जप्त, आणि राजाज्ञेवाचून परतल्यास मरण. या शपथेस ‘राज्याचे ॲब्ज्युरेशन’ म्हणत. गॅलिलिओची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. 22 जून 1633 रोजी, सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या शास्त्रज्ञाने रोम येथे गुडघे टेकून पृथ्वीच्या भ्रमणाचे मत शपथपूर्वक टाकले. उठताना तो काहीतरी पुटपुटला, ही आख्यायिका फार नंतरची. पुढे 1642 साली मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेतच होता. म्हणजे शपथेने त्याचा जीव वाचला, मोकळीक मिळाली नाही.

अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात या शब्दाला आणखी एक काम लागले. पदच्युत राजा दुसरा जेम्स याच्या मुलाचा गादीवरील हक्क आपण मानीत नाही, अशी शपथ पार्लमेंटच्या सभासदांना घ्यावी लागे. तिचे नावच ‘ॲब्ज्युरेशनची शपथ’. स्टुअर्ट घराण्याचा शेवटचा दावेदार 1807 मध्ये वारला. शपथ मात्र चालूच राहिली. पुढची पन्नास वर्षे इंग्लंडचे खासदार उरल्याच नाहीत अशा माणसांना शपथपूर्वक नाकारीत होते! यात विनोद आहे, पण त्या शपथेच्या शेवटी ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेवर’ अशा अर्थाचे शब्द होते. 1847 मध्ये लंडन शहरातून निवडून आलेला लायनेल डी रॉथशिल्ड हा ज्यू होता. त्याने ते शब्द उच्चारले नाहीत आणि त्याला सभागृहात बसता आले नाही. मतदारांनी त्याला पुनःपुन्हा निवडून दिले, तो पुनःपुन्हा बाहेरच राहिला. अखेर कायदा बदलला आणि 26 जुलै 1858 रोजी त्याने आसन घेतले. मेलेल्या राजपुत्राला नाकारण्याची शपथ जिवंत माणसाच्या वाटेत अकरा वर्षे आडवी पडली होती.

हिंदुस्थानशी या क्रियापदाचा जिव्हाळ्याचा संबंध आला तो मात्र अमेरिकेत. तेथील 1795 च्या कायद्याने नागरिकत्व मागणाऱ्या परदेशीयाला सर्व परकीय राजांविषयीची निष्ठा ‘रिनाउन्स आणि ॲब्ज्युअर’ करावी लागे. आणि तो ज्या राजाची प्रजा असेल, त्याचे नावही घ्यावे लागे. 1906 च्या कायद्यातही नाव घेण्याची ही अट होती. दोन क्रियापदे एकापुढे एक ठेवण्याची वकिली सवय येथे दिसते. पण पहिल्याने जाहीर केले आणि दुसऱ्याने त्यावर शपथ घातली, असा भेद केला तर ती पुनरुक्ती राहत नाही.

वैष्णो दास बगई हे पेशावरचे गृहस्थ 1915 मध्ये पत्नी कला आणि तीन मुलगे यांच्यासह सॅन फ्रान्सिस्कोला आले. ब्रिटिश सत्तेखाली मुले वाढवायची नाहीत, हा निश्चय त्यांच्या जाण्यामागे होता. गदर चळवळीशी त्यांचा संबंध होता. त्यांनी दुकान काढले आणि 1921 मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळवले. ज्या राजाचे राज्य नको म्हणून घर सोडले, त्या पंचम जॉर्जची निष्ठा शपथेने टाकताना या माणसावर जबरदस्ती नव्हती. येथे लिहून दिलेले शब्द आणि उच्चारणाऱ्याचे मन एक होते, आणि या क्रियापदाच्या इतिहासात असे प्रसंग विरळाच.

19 फेब्रुवारी 1923 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला : पंडित लोक वंशशास्त्र काहीही सांगोत, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदी माणूस ‘गोरा’ नव्हे, म्हणून तो नागरिकत्वास पात्र नाही. थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते; तेही कामी आले नाही. नंतर सरकारने यापूर्वी दिलेली नागरिकत्वे रद्द करण्याचा सपाटा लावला. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित 1914 पासून नागरिक होते. त्यांच्यावरही खटला झाला, परंतु ते झुंजले आणि 1926 मध्ये अपील न्यायालयात जिंकले. बगईंचे नागरिकत्व गेले. मालमत्ता विकावी लागली. 1928 मध्ये स्वदेशी जाऊन येण्यासाठी त्यांनी अमेरिकन पासपोर्ट मागितला, तो नाकारण्यात आला. ब्रिटिश पासपोर्टावर जावे, असे सांगण्यात आले. म्हणजे ज्या राजाचे नाव घेऊन शपथेने त्याला सोडले, त्याच्याच दारी पुन्हा उभे राहायचे!

बगईंनी ते केले नाही. मार्च 1928 मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. मागे ठेवलेल्या पत्रांपैकी एक वृत्तपत्रासाठी होते. आपण मुलांचे आणि स्वतःचे काय करून बसलो, असा प्रश्न त्यात त्यांनी विचारला होता. हिंदी लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व कायद्याने खुले झाले ते 1946 साली.

या घटनेत शब्दाचा एक दोष उघडा पडतो, तो कोशात नोंदवलेला नसतो. शपथेने सोडलेले सुटते की नाही, हे शपथ घेणाऱ्याच्या हाती नसते. रवींद्रनाथांनी 1919 च्या मे अखेरीस व्हाइसरॉयला पत्र लिहिले, तेव्हा त्यांना हे जाणवले असावे. जालियनवाला बागेनंतरचे ते पत्र ‘सर’ किताबाच्या त्यागाचे म्हणून ओळखले जाते; पण त्यात त्यांनी किताब टाकला असे म्हटलेले नाही. त्यातून आपल्याला मुक्त करावे, अशी मागणी केली आहे. देणाऱ्यानेच परत घ्यावे, ही त्या वाक्यातील अदब संतापाहून अधिक बोचणारी आहे. ‘ॲब्ज्युअर’ तेथे शोभला नसता.

स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही हे क्रियापद घेतलेले नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील आठव्या कलमात ‘रिनन्सिएशन’ आहे : विहित नमुन्यात निवेदन करावे, त्याची नोंद झाली की नागरिकत्व संपते. युद्धकाळात सरकार अन्यथा सांगेपर्यंत ती नोंद रोखून ठेवली जाते. आईबापांबरोबर अज्ञान मुलांचेही नागरिकत्व जाते. मात्र सज्ञान झाल्यावर एका वर्षात ते परत मागता येते. नववे कलम याहून कोरडे आहे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, की भारताचे आपोआप जाते. त्यासाठी काही उच्चारावे लागत नाही.

तेव्हा न्यू जर्सीतील एखादा मराठी अभियंता उजवा हात वर करून ते जुने वाक्य म्हणतो, त्या वेळी कोणत्याही राजाचे नाव आता त्यात नसते. नागरिकत्व मिळाले, की नवव्या कलमाने आपले काम केलेले असते. पुढे तो निळा पासपोर्ट सादर करतो, अर्ज भरतो, शुल्क देतो. तेथे त्याला कोणी शपथ घालीत नाही. पासपोर्टावर रद्द झाल्याचा शिक्का बसतो आणि तो त्याच्या हाती परत दिला जातो.